शेजारच्या आजींबद्दल दोन मिनिटं बोलायचंय, काय बोलू?

रानजाई

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय.

आम्ही गेली अकरा वर्षं मिनेसोटाच्या पश्चिम टोकाला, रेड रिव्हरच्या खोऱ्यात राहतो. नवरा साखर कारखान्यात केमिस्ट आहे. सांगलीहून आलेलो, त्यामुळे साखर म्हणजे ऊस एवढंच डोक्यात. इथे बीटाची साखर. थंडीत बीटाचे डोंगर उघड्यावर गोठवून ठेवलेले असतात, ते पहिल्यांदा बघून मी चाटच पडले होते. गाव लहान, सपाट, आणि आडनावं बहुतेक नॉर्वेजियन.

आमच्या शेजारच्या आजी सोमवारी पहाटे गेल्या. ९५ वर्षांच्या होत्या. गावच्या साप्ताहिकात निधनवार्ता आली ती अशी: अमुक शेतावर जन्म, लग्नाआधी दोन वर्षं खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेत शिक्षिका, पाच मुलं, गृहिणी, चर्चच्या महिला मंडळात सक्रिय, लेफ्से करण्याची आणि गोधड्या शिवण्याची आवड. संपलं.

शनिवारी अंत्यविधी आहे. नंतर चर्चच्या तळघरात जेवण असतं, तेव्हा ज्यांना वाटेल ते उठून दोन शब्द बोलतात. त्यांच्या मुलीने मला मुद्दाम फोन करून सांगितलंय, तू बोल. आमच्या पहिल्या जानेवारीत उणे तीसमध्ये गाडी सुरू होईना तेव्हा या बाई दार ठोठावून आत आल्या, हातात वायरचं भेंडोळं. इथे इंजिन गोठू नये म्हणून रात्री गाडीला वीज जोडून ठेवतात, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या बाळंतपणात तर तीन आठवडे रोज संध्याकाळी कुणी ना कुणी डबा घेऊन यायचं. तो सगळा तक्ता त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आखला होता.

"घरासाठी आणि गावासाठी झिजल्या" असं म्हणावं तर त्या मला कधी झिजलेल्या दिसल्याच नाहीत. मग काय म्हणू? तुम्ही असतात तर काय बोलला असतात?

तिरफळ

आजींना आदरांजली. रानजाई, तुझं दुःख पोचलं गं. गाडीची आणि डब्यांची गोष्ट सांगितलीस तरी पुरे आहे की.

आणि लेफ्से म्हणजे काय ते जमेल तेव्हा लिही.

कासारवाडा

मला एक कळत नाही, 'गृहिणी' लिहिलं तर वाईट काय झालं? आमच्या आईच्या नावापुढेही तेच लिहिलं होतं आणि तिला त्याचा अभिमान होता.

अवनी_के

वाईट काही नाही हो. पण त्या शब्दामागे नेमकं काय काय होतं ते कुणी विचारत नाही, असं रानजाईला म्हणायचं असावं.

रानजाई

अवनी, अगदी तेच. कासारवाडा, तुमच्या आईंबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते. या बाई १९५० पासून दुधाच्या गाईंचा गोठा सांभाळत होत्या. पहाटे साडेचारला धारा, संध्याकाळी परत धारा, आणि मलई काढायच्या यंत्राच्या चकत्या रोज एकेक सुटी करून कढत पाण्याने धुवायच्या. त्या चकत्यांचा वास मरेपर्यंत नाकातून जाणार नाही, असं म्हणायच्या. धान्याचा पैसा बँकेच्या कर्जात जायचा. घर चालायचं ते मलईच्या आणि अंड्यांच्या पैशावर, आणि तो हिशेब बाईच्या हातात. मुलांचे बूट, दंतवैद्य, पियानोचे धडे, सगळं अंड्यांतून.

त्यांच्या लहानपणी मळणीचं फिरतं यंत्र यायचं, बरोबर पंधरावीस गडी. त्यांना दिवसातून पाच वेळा खायला घालावं लागायचं: न्याहारी, दहा वाजताचं, दुपारचं जेवण, चार वाजताचं आणि रात्रीचं. दहा वर्षांची पोरगी, म्हणजे याच आजी, शेताच्या बांधापर्यंत बादल्यांतून कॉफी आणि पाव पोचवायची. आणि हे सगळं विजेशिवाय. १९३०च्या दशकाच्या मध्याला अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. पुढे सरकारी कर्ज घेऊन शेतकऱ्यांनी पाच-पाच डॉलर वर्गणी भरून वीज सहकारी संस्था काढल्या. त्यांच्याकडे वीज आली त्या संध्याकाळी आई सगळ्या खोल्यांतले दिवे लावून बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली होती आणि घराकडे बघत होती, हे त्यांनी मला किमान चार वेळा सांगितलं असेल.

साकव

अंगणातली आई डोळ्यांसमोर आली. आमच्या घरी १९७८ला वीज आली तेव्हा आजी बल्बला हळदकुंकू लावायला स्टुलावर चढली होती.

मेपल_आणि_मोगरा

मी शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये, वीस वर्षं झाली. थोडी पार्श्वभूमी देते, म्हणजे या आजी कुठल्या माळेतला मणी होत्या ते कळेल.

१८२५ साली स्टावांगरहून 'रेस्टॉरेशन' नावाचं लहानसं गलबत ५२ माणसं घेऊन न्यूयॉर्कला निघालं. नॉर्वेतून संघटितपणे झालेलं ते पहिलं स्थलांतर. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांच्या आसपास माणसं गेली. देश डोंगर आणि समुद्राचा, कसायला जमीन जेमतेम तीन टक्के. थोरल्याला शेत मिळणार, धाकट्यांनी आणि कुळांनी करायचं काय? त्यात १८६२चा होमस्टेड कायदा आला: पाच वर्षं राहून कसा, १६० एकर तुमची. अविवाहित बाईलाही स्वतःच्या नावावर जमीन घेता यायची आणि पुष्कळ जणींनी घेतली.

त्याच १८६२ साली हालिंगदालच्या खोऱ्यातून ग्रो स्वेन्डसेन नावाची विशीतली मुलगी नवऱ्याबरोबर निघाली आणि आयोवाच्या एमेट परगण्यात स्थिरावली. ती आईवडिलांना पत्रं लिहायची. इथे उन्हाळ्यात दूध टिकत नाही, लोण्यावर मिठाचं पाणी ओतून ठेवावं लागतं, गडगडाट तर असा की जगबुडी आली वाटावं. नवरा यादवी युद्धात गेला तेव्हा मागे घर, जनावरं, मुलं हिच्यावर. वस्तीतल्या नॉर्वेजियन पोरांना शिकवायचीही. १८७८ मध्ये दहाव्या बाळंतपणात गेली, चाळिशीही गाठली नव्हती. ती पत्रं १९५० साली इंग्रजीत छापली गेली म्हणून आपल्याला ती माहीत. न लिहिणाऱ्या किती असतील!

खडकमाळ

लेख छान, प्रतिसादही छान. पण एक बाजू राहतेय. ही '१६० एकर फुकट' जमीन कुणाची होती? १८६२ सालीच मिनेसोटात डाकोटा लोकांशी युद्ध झालं आणि २६ डिसेंबरला मँकेटोला ३८ डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं. रानजाई राहतात त्या खोऱ्याची जमीन १८६३च्या करारात ओजिब्वे लोकांकडून घेतलेली आहे. कष्टाळू आजींबद्दल बोलताना हे विसरलं जाऊ नये, एवढंच.

कासारवाडा

खडकमाळ, अहो अंत्यविधीच्या जेवणात हे बोलायचं का?

खडकमाळ

तिथे बोला म्हणत नाही मी. इथे बोलतोय.

रानजाई

खडकमाळ, बरं झालं लिहिलंत. आजींशी मी हे एकदा बोलले होते. त्यांच्या आजोबांच्या नांगराला बाणाची दगडी टोकं लागायची, ती एका काचेच्या बरणीत खिडकीत असत. त्या म्हणाल्या होत्या, "लहानपणी आम्ही ती खेळायला घ्यायचो. ती कुणाच्या तरी घरची भांडी होती असं पन्नाशी उलटल्यावर मनात आलं." त्यानंतर बरणी खिडकीतून कपाटात गेली.

बांगडा_फ्राय

वातावरण जरा हलकं करतो. नॉर्वेजियन म्हटलं की लुटेफिस्क आलाच पाहिजे! कामानिमित्त एका नोव्हेंबरात तिकडे होतो. तिथल्या चर्चच्या तळघरात वर्षातून एकदा त्याचं जेवण असतं, चारचारशे माणसं रांगेत. सुकवलेला कॉड मासा आधी पाण्यात, मग कॉस्टिक सोड्यासारख्या खाराच्या पाण्यात, मग पुन्हा कित्येक दिवस पाण्यात. शिजवल्यावर थरथरणारी जेली होते. चांदीचा चमचा लावला तर काळा पडतो म्हणे. वर वितळलेलं लोणी.

मी मालवणचा. सुक्या बोंबलावर वाढलेलो. त्या जेलीपुढे दोन मिनिटं हात जोडून बसलो. मग समोरच्या ऐंशी वर्षांच्या बाईंनी स्वतःच्या ताटातला लेफ्से उचलला, त्यात मासा, बटाटा आणि लोणी घालून गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. खाल्ली. दुसरीही मागून घेतली.

तिरफळ

:हाहा: बांगडा, तू आणि हात जोडून! पण लेफ्से म्हणजे काय हे अजून कुणीच सांगितलं नाही.

साकव

मॅडिसन नावाच्या मिनेसोटातल्या गावात लुटेफिस्कच्या मानासाठी कॉड माशाचा भलामोठा पुतळा उभा केलाय, फोटो पाहिलाय मी.

दत्तूमास्तर

धागा आवडला. निवृत्त शिक्षक आहे, त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

पहिलं, आडनावांचं. रानजाई म्हणाल्या आडनावं नॉर्वेजियन. त्यांतली बरीचशी शेतांची नावं आहेत. हाउगेन म्हणजे टेकाड, बाक्केन म्हणजे चढ, लीएन म्हणजे डोंगरउतार. मूळ देशात माणूस ज्या शेतावर राही ते नाव लावी, शेत बदललं की नाव बदले. अमेरिकेत ते कायमचं झालं. आपल्याकडे चिपळूण सोडून शंभर वर्षं झाली तरी चिपळूणकरच, तसं. आणि आपल्या चाकरमान्यांची मुंबईत गावकरी मंडळं असतात तशीच त्यांचीही होती. वाल्द्रेस खोऱ्यातल्या लोकांनी १८९९ साली मिनियापोलिसला मेळावा भरवला, तिथून ती प्रथा पसरली.

दुसरं, महिला मंडळांचं. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत हिंडल्या आणि परत येऊन १८८९ साली मराठीत त्या देशावर पुस्तक लिहिलं. बायकांनी एकत्र येऊन उभारलेल्या संस्थांचं त्यांना फार अप्रूप वाटलं होतं. नॉर्वेजियन वस्त्यांतही हेच चाललं होतं. चर्चच्या सभेत बायकांना मत नसे, पण ऑर्गन, रंगकाम, छपराची दुरुस्ती, याला पैसा कुठून येई? महिला मंडळाच्या विणकामाच्या लिलावातून आणि जेवणांतून.

तिसरं मात्र रानजाईंना विचारतो. १८६७ साली स्क्रेफ्सरूड नावाचा नॉर्वेजियन आणि त्याचा सहकारी बोरेसन यांनी आपल्या संथाल परगण्यात, दुमक्याजवळ बेनागारियाला मिशन काढलं. पुढे बोडिंग नावाच्या नॉर्वेजियनाने संथाली भाषेचा मोठा कोश केला, लोककथा जमवल्या. या कामाला अमेरिकेतल्या नॉर्वेजियन चर्चांतून, विशेषतः महिला मंडळांतून, पैसा येत असे. तुमच्या आजींच्या बोलण्यात हिंदुस्थानचा असा काही उल्लेख कधी आला का?

रानजाई

मास्तर, मी आत्ता खुर्चीतून उठून खोलीत एक चक्कर मारून आले.

आम्ही इथे राहायला आलो त्याच दिवशी त्या केक घेऊन आल्या. मी म्हटलं, आम्ही इंडियातून. तर त्यांनी माझा हात धरून विचारलं, "तू सांताल का?" मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "सँटा?" असं काहीतरी मी म्हणाले, त्याही हसल्या, विषय तिथेच राहिला. नंतर एकदा म्हणाल्या होत्या की लहानपणी रविवारच्या शाळेत सांतालांसाठी डब्यात नाणं टाकायचो, अंडी विकून मिळालेलं. मी म्हटलं "हो का" आणि चहा ओतत राहिले. अकरा वर्षं हे माझ्याजवळ होतं आणि मला कळलं नाही.

मेपल_आणि_मोगरा

अंगावर काटा आला गं.

अवनी_के

१९३०च्या दशकातल्या मंदीत, जिथे बूट अंड्यांवर यायचे, तिथे एक नाणं दुमक्याला. बापरे.

खडकमाळ

मिशनच्या कामाबद्दल माझी मतं आहेत, पण ती पोरगी आणि तिचं नाणं याबद्दल काहीच म्हणायचं नाही. रानजाई, हे बोला शनिवारी.

कासारवाडा

पहिल्यांदाच खडकमाळांशी सहमत.

साकव

भाषा येत होती का हो त्यांना, नॉर्वेजियन?

रानजाई

फारशी नाही. आईवडील नाताळच्या भेटवस्तूंबद्दल, कर्जाबद्दल बोलायचे ते नॉर्वेजियनमध्ये, मुलांना कळू नये म्हणून. एक मात्र पक्कं पाठ होतं, जेवणाआधीची प्रार्थना. "इ येसू नाव्न गोर वी तिल बोर्ड्स", येशूच्या नावाने आम्ही पानावर बसतो. पणतवंडांनाही ती येते, अर्थ माहीत नाही, पण एका सुरात म्हणतात. माझ्या मुलीला त्यांच्याकडे ती ऐकून पाठ झाली आणि मग तिने त्यांना 'वदनी कवळ घेता' म्हणून दाखवलं. आजींनी ते पुन्हा म्हणायला लावलं, शेवटी ताल धरून टेबलावर बोटं वाजवत होत्या.

मेपल_आणि_मोगरा

भाषा जाण्यामागे पहिल्या महायुद्धाचाही हात आहे. मे १९१८ मध्ये आयोवाच्या गव्हर्नरने फतवा काढला की सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत, फोनवरसुद्धा फक्त इंग्रजी बोलायचं. रोख जर्मनांवर होता, पण नॉर्वेजियन प्रवचनंही त्यात सापडली. काही महिन्यांत फतवा मागे घेतला, भीती मात्र राहिली.

चाफेकळी

उशिरा वाचतेय. मला थोडं वेगळं म्हणायचंय. आपण त्यांना फार गोड करतोय का? पाच मुलं, गोठा, मंडळ, शेजार. दोन वर्षं शिकवून शाळा सोडली, ती का सोडली? त्यांना पुढे शिकवायचं असेल तर? सेवाभाव म्हणताना हे विचारायला हवं.

रानजाई

चाफेकळी, प्रश्न रास्त आहे आणि मी त्यांना विचारलाही होता. लग्न ठरलं तसं त्यांनी शाळा सोडली, त्या भागात तेव्हा तसंच चालायचं. त्याबद्दल त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटलं. एका खोलीत आठ इयत्ता, सकाळी भट्टी मीच पेटवायची, ती माझी शाळा होती." गोड करून नाही बोलल्या. पण पुढे गावच्या वाचनालयाच्या खोलीसाठी नऊ वर्षं भांडल्या आणि ती खोली मिळवली, हेही त्यांनीच सांगितलं, आणि ते सांगताना आवाज वेगळा होता.

अजून एक सांगते. १९८०च्या दशकात इथे शेतीवर फार वाईट वेळ आली. जमिनीचे भाव कोसळले, कर्जं थकली, शेतांचे लिलाव झाले. लिलावाच्या दिवशी गर्दी दिवसभर थंडीत उभी असते, तेव्हा जेवण विकायला चर्चचं महिला मंडळ यायचं. एकदा लिलाव त्यांच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीच्या शेताचा होता. आजी सँडविच आणि पाय (भाजलेला गोड पदार्थ) विकत होत्या, आणि ट्रॅक्टरवर बोली चालू होती. मैत्रीण घराच्या दाराशी उभी. आजींनी ॲप्रन काढला, दुसरीच्या हातात पैशाचा डबा दिला, आणि जाऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. शेवटची वस्तू विकली जाईपर्यंत, तीन तास.

चाफेकळी

धन्यवाद. माझं समाधान झालं.

तिरफळ

मलाही आता लेफ्से विचारायची लाज वाटतेय.

रानजाई

(रविवार, दुपार)

मंडळी, काल झालं. तुम्हा सगळ्यांना सांगायलाच हवं.

तळघरात दीडशेच्या आसपास माणसं. लोणी लावलेले पाव-हॅम, हॉटडिश (सगळं एका भांड्यात घालून भाजलेला पदार्थ), जेलीचे सॅलड, आणि अंडं घालून उकळलेली कॉफी. कच्चं अंडं कवचासकट कुस्करून कॉफीच्या चुऱ्यात कालवतात, उकळतात, वरून गार पाणी ओतलं की चोथा खाली बसतो आणि वर सोनेरी, नितळ कॉफी. वाढत कोण होतं? ज्यांच्याबरोबर आजींनी साठ वर्षं वाढलं त्याच. आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलंभात येतो, ते त्यांना सांगितलं तर दोघीतिघी मान हलवत म्हणाल्या, हो, तेच हे.

मी वायरची गोष्ट सांगितली. डब्यांचा तक्ता सांगितला. मग म्हटलं, पहिल्या दिवशी त्यांनी मला "तू सांताल का" विचारलं आणि मला ते अकरा वर्षांनी, या आठवड्यात कळलं. मी सांताल नाही, मी महाराष्ट्रातली, तिथून दुमका पुष्कळ लांब आहे. पण त्या मुलीने ते नाणं टाकलं तेव्हा तिच्या मनात इंडियातलं एक दार आधीच उघडं होतं आणि माझ्याकडे केक त्या दारातून आला.

एवढंच बोलले. आवाज फुटला शेवटी. खाली बसले तर मागच्या टेबलावर तीन म्हाताऱ्या बायका आपसांत बोलायला लागल्या होत्या. एक म्हणे डबा पत्र्याचा होता, दुसरी म्हणे छे, पुठ्ठ्याचा, त्यावर झोपडीचं चित्र. तिसरी म्हणाली झोपडीतच फट होती, तिच्यातून नाणं टाकायचं. पत्रा की पुठ्ठा, यावर कॉफीचे दोन पेले होईपर्यंत वाद चालला. शेवटी मलाच विचारलं. मी काय सांगणार!

मास्तर, तुमचे आभार कसे मानू?

दत्तूमास्तर

मी फक्त प्रश्न विचारला, बाई. दार तुम्हीच पाहिलंत.

बांगडा_फ्राय

पुठ्ठा. मला उगाच वाटतंय पुठ्ठाच असेल.

रानजाई

तिरफळ, आता लेफ्से. आजींच्या मुलीने त्यांची उलथायची काठी मला दिली, हातभर लांब, पट्टीसारखी चपटी, टोकाला जळून काळी झालेली. तेव्हा लिहायलाच हवं.

पिठूळ बटाटे उकडून, गरम असतानाच बारीक भोकांच्या साच्यातून काढायचे. लोणी, साय, मीठ घालून मळायचे आणि रात्रभर झाकण न लावता थंड ठेवायचे, वाफ जायला हवी. मैदा लाटायच्या अगदी आधी मिसळायचा, आधी घातला तर पीठ चिकट होतं. पाटावर कापड ताणून बांधायचं, लाटणं खाचांचं, त्याला सुती मोजा घालायचा. पुरणपोळीहून पातळ, पलीकडचं कापड दिसेल इतकी. काठी मधोमध खाली सरकवून उचलायची आणि मोठ्या, खूप तापलेल्या तव्यावर उलगडत सोडायची. तपकिरी ठिपके आले की उलटायची. लोणी आणि साखर लावून गुंडाळी करायची.

पहिल्या चार फाटतील. माझ्या सहा फाटल्या होत्या, तेव्हा आजींनी त्या तिथेच उभ्या राहून खाल्ल्या.

तिरफळ

पुरणाची चाळण चालेल का साच्याऐवजी?

रानजाई

चालेल. मी तीच वापरते.